उम्म राशिदच्या माहेरचं दार

शारजाहून परत येऊन तीन महिने झाले. भेटेल ती बाई आधी त्या उंच इमारतीचं विचारते. वरपर्यंत गेलात का? कारंजी बघितली का? मी सांगते, इमारत गाडीतून दिसली, मान दुखली, पुढं गेलो. सोनं घेतलं नाही. उंट एक दिसला, त्याला माझ्यात रस नव्हता. मग त्या माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, मग पाच आठवडे केलंत काय?

मी एक भिंत बघितली. बांधून झालेली बघितली, पाडताना बघितली, आणि परत उभी राहायला लागलेली बघितली. भिंत माझ्या नातीची होती. तिच्यासाठी कुणी इतक्या लांब गेलं तर वाया गेलं असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

शारजा

माझा मुलगा विजय हमरियातल्या एका कारखान्यात आहे. तिथं पाइप बनतात. बावीस वर्षं झाली त्याला. सकाळी सहाला जातो, संध्याकाळी येतो आणि आल्यावरही फोनवर डिलिव्हरी, शिपमेंट, फॉलोअप चालूच. सून स्वाती पुण्याची. ती भाजी घेताना भाव आधी दिरहममध्ये म्हणते, मग मोठ्यानं रुपये करते, मग "जाऊ दे" म्हणते आणि घेते. मी पाच आठवड्यांत एकदाही ती भाजी परत ठेवताना बघितली नाही.

घर चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून बघितलं तर सगळं नवं. रस्ता नवा, मशीद नवी, झाडंसुद्धा नळीनं पाणी पिणारी. लिफ्टमध्ये केरळचा, लाहोरचा, मनिलाचा माणूस भेटतो, सगळे हसून सलाम करतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. इथं कुणाचाच आजा जन्मलेला नाही. मी विजयला म्हटलं, "इथं माझ्याएवढं जुनं काही आहे का?"

"आहे ना. तन्वीला विचार. ती त्याचाच पगार घेते."

तन्वी माझी नात. सत्तावीस वर्षांची. इथंच वाढली, दोन वर्षं जर्मनीत जाऊन पडकी घरं उभी कशी करायची ते शिकून आली. माझे वडील गवंडी, नवरा गवंडी. मी चौथीनंतर घमेली उचलली आणि पुढं गिलावा करायला लागले. बायकांच्या हातात थापी कुणी देत नाही, मी घेतली. विजयला सिमेंटचा वाससुद्धा नको होता. तो पाइपांत गेला. आणि त्याच्याच पोरीनं परत भिंतीला हात घातला. मला याचा आनंद किती झाला ते मी तिला सांगितलेलं नाही. पोरं सांगितल्यावर बिघडतात.

पहिल्याच रात्री जेवताना तिनं सगळं सांगितलं. समुद्राकाठी मोती काढणाऱ्या लोकांची एक जुनी वस्ती आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारनं नवी घरं दिली आणि लोक उठून गेले. वस्ती ओस पडली. आता ती परत उभी करायची चाललीय. त्यातलं एक घर तन्वीकडं दिलंय. मी परत जायच्या आठवड्यात, बुधवारी, समिती बघायला येणार. घर पास झालं तर ती अख्खी गल्ली, अकरा घरं, तिच्या हाताखाली.

"शी विल बी द यंगेस्ट," विजय म्हणाला. मराठीत म्हणाला असता तर मला जास्त आवडलं असतं. त्यानं ऑफिसात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

वस्ती

गाडीनं तासभर. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला पिवळी जमीन. वस्तीचं नाव मी लिहीत नाही, तन्वीनं नको म्हटलंय.

दगड बघून मी थांबलेच. आपला दगड काळा, जड, ठोकला तर टणकन वाजतो. हा पांढरा, हलका, भोकाभोकांचा. समुद्रातून काढलेला. एका दगडात शिंपला अडकलेला दिसला. ही घरं लोकांनी पाण्यात बुडी मारून आणली होती म्हणायची. मोती विकायला गेले, दगड घरी राहिले.

मधे अंगण, अंगणात विहीर, भोवती खोल्या. दोन खोल्यांना पुन्हा छत घातलं होतं, खजुराचे ओंडके, वर चटई, वर माती. उत्तरेची भिंत शेजारच्या घराला लागून. ती पार पडली होती, तन्वीनं पुरी उभी केली होती, गिलाव्यासकट. तिच्या पोटाशी वायव्येच्या कोपऱ्यात दोन भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या.

"इथं किचन," तन्वी म्हणाली.

मी विचारलं, "इथला वारा कुठून येतो?"

"मोस्टली याच बाजूनं. शमाल म्हणतात."

"मग चूल वाऱ्याच्या तोंडावर कोण मांडेल? धूर सगळा घरात."

"आजी, आम्ही या फॅमिलीतल्या चार लोकांचे इंटरव्ह्यू घेतलेत. जुना फोटो आहे. सगळं डॉक्युमेंटेड आहे."

ती नम्रपणे बोलली, पण विषय मिटवला. मी गप्प बसले असते असं नाही, पण पुढच्या अर्ध्या तासात मी अशी चूक केली की माझं तोंड आपोआप मिटलं.

कामावर उस्ताद गुलजमान म्हणून पेशावरकडचा गवंडी होता. दाढी मेंदीची, हात माझ्या नवऱ्यासारखे, बोटांची टोकं सपाट झालेली. तो नमाजाला गेला होता. हौदात गिलाव्याचा माल आवळत चालला होता. आता चुना म्हणजे कसा, जितका भिजेल, जितका मळाल, तितका लोण्यासारखा. सुकायला लागला तर पाणी मारा, बडवा, परत जिवंत होतो. मी तेच केलं. पाणी ओतलं, फावडं घेतलं आणि चांगला मळला. कंबर दुखली, पण बरं वाटलं. कोपऱ्यावर दोन हात मारलेसुद्धा.

उस्ताद आला, हौदात बोट घातलं आणि माझ्याकडं बघितलं.

"अम्माजी, ये चूना नहीं है. जुस है. जिप्सम. एक बार जम गया, फिर पानी डाला, तो मर गया."

"मेला?"

"मर गया. खलास."

दुसऱ्या दिवशी माझे ते दोन हात भिंतीवरून पिठासारखे खाली आले. उस्तादानं ते झाडूनं गोळा केले आणि म्हणाला, "कोई बात नहीं, हर शागिर्द पहले दिन मारता है." बिगारी हसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी शागिर्द झाले. तो माणूस मला आवडला. पण चुलीचं मी परत काढलं नाही. जिला इथला गिलावा कळत नाही, तिनं इथल्या चुलीवर काय बोलावं?

उर्सुला

चौथ्या आठवड्यात तन्वीची जर्मनीतली शिक्षिका आली. उर्सुला. सल्ला द्यायला तीन आठवड्यांसाठी बोलावलेली. वय सहासष्ट, पाय लांब, टोपी गवताची. तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही. तन्वी मधे बसायची.

दुपारी आम्ही सावलीत डबा उघडला. मी भाकरी केली होती, लसणाची चटणी होती. उर्सुलानं चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत घेतली. तिनं काळ्या पावाची चकती आणि चीज दिलं. पाव आंबट होता. मी खाल्ला. वाया घालवत नाही.

तिनं फोनवर तिकडचं एक मोठं देऊळ दाखवलं. लढाईत पडलं, पुष्कळ वर्षं ढीगच होता, मग परत बांधलं. जुने दगड काळे, नवे पिवळे, दोन्ही शेजारी शेजारी लावलेले. लपवलेले नाहीत. दुसऱ्या एका गावात मनोरा तुटला तसाच ठेवलाय, लोकांनी विसरू नये म्हणून. मी म्हटलं, "आमच्याकडंही पडकं तसंच ठेवतात. पण ते भावांची वाटणी झाली नाही म्हणून." तन्वीनं ते सांगितल्यावर उर्सुला इतकी हसली की तिची टोपी पडली.

मग तिनं तिच्या गावाचं सांगितलं. लढाईनंतर पुरुष कमी उरले होते. तिची आई तेव्हा तरुण. बायका रांगेत उभ्या राहून ढिगाऱ्यातल्या विटा काढायच्या आणि हातोडीनं जुना माल ठोकून साफ करायच्या, परत वापरायला. तिनं हातानं ती ठोकण्याची खूण केली. मी पण केली. वीट डाव्या हातात, कडेवर तिरकी हातोडी, तीन ठोके आणि उलटी. तेच. मीही मोकळ्या जागेत उन्हात बसून हजारो विटा अशाच साफ केल्यात. तन्वी मधे काही बोलायच्या आधीच आम्हा दोघींचं बोलणं झालं होतं.

"आमचा चौक फोटो बघून बांधला," उर्सुला म्हणाली. "समोरून अगदी हुबेहूब. पण फोटो नेहमी समोरून काढतात. मागच्या परसांचा कुणी काढला नव्हता. तिथं गाड्या ठेवायला जागा केली. माझी आई म्हणायची, सगळं तसंच आहे, फक्त आपलं नाही."

थोड्या वेळानं ती आणखी एक बोलली, आणि ते बोलताना तिनं पाव खाली ठेवला. त्या चौकातल्या एका घरातून लढाईच्या काळात एका ज्यू कुटुंबाला नेलं होतं. ते परत आलं नाही. घर मात्र परत सुंदर बांधलं. तिथं आधी कोण राहत होतं हे गावानं पुष्कळ वर्षं तोंडातून काढलं नाही. शेवटी समोरच्या एका म्हातारीनं नावं सांगितली, तेव्हा दारासमोर फरसबंदीत पितळेचे छोटे तुकडे बसवले, एकेक नाव कोरून.

"तिला आधी कुणी विचारलं नव्हतं का?" मी विचारलं.

"नाही," उर्सुला म्हणाली. "तिनंही सांगितलं नव्हतं. दोन्ही."

सोमवार

समितीच्या आधी दोन दिवस घराच्या मूळ मालकांना बोलावलं होतं. राशिद म्हणून पन्नाशीतला त्या घरचा मुलगा आणि त्याचे दोन काका. पांढरेशुभ्र लांब अंगरखे, वास अत्तराचा. सगळे बाहेरच्या बैठकीत बसले. तिथल्या रीतीनं लहान पेल्यात कडू कॉफी आणि खजूर. पेला रिकामा झाला की भरतात. नको असेल तर तो हातात हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी संपवत राहिले, ते ओतत राहिले. सात पेल्यांनंतर माझं काळीज ढोल वाजवायला लागलं, तेव्हा तन्वीनं माझा हात धरून हलवला.

दोघं काका खूश होते. भिंतीवर हात फिरवत होते. विजयलाही त्या दिवशी सुट्टी होती, तो प्रत्येकाशी हात मिळवत होता.

मी वारा खायला बाहेर गेले तर गाडीत एक म्हातारी बसलेली. काळा बुरखा, हातावर मेंदी, काच खाली. राशिदची आई. तिकडं बाईला मुलाच्या नावानं ओळखतात, उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई. तिला हिंदी येत होतं, मोडकं पण धडधडीत. तिचा नवरा मोती घेऊन मुंबईला जायचा म्हणे, आणि येताना कापड आणि हिंदी दोन्ही आणायचा.

"अंदर आइए," मी म्हटलं.

"नहीं. वो मेरा घर नहीं."

"आपका ही है. आपके लड़के ने बोला."

"लड़का दो साल का था. उसको क्या मालूम. मेरा दरवाज़ा नहीं है उसमें. बाहर से देखा, दीवार है. मैं इधर बैठेगी."

मी गाडीचं दार उघडलं आणि आत तिच्या शेजारी बसले. कौन सा दरवाज़ा, विचारलं. तिनं सांगितलं. शेजारचं घर तिच्या बापाचं. लग्न चुलतभावाशी, म्हणजे भिंतीपलीकडे. त्या भिंतीत एक छोटं दार होतं. बायकांनी गल्लीत न जाता इकडून तिकडं जायचं ते. मासे, विस्तव, लेकरं, निरोप, सगळं त्या दारातून. पुरुष त्यातून कधी गेले नाहीत. ते गल्लीतून फिरून जायचे.

"और चूल्हा किधर था?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी वेडी आहे. "उधर, दक्खन में. शमाल में चूल्हा कौन रखता है?"

मी खाली उतरले आणि हात पुढं केला. "चलो, दिखाओ."

माझ्या सासरपासून माहेर अठ्ठावीस मैल होतं. वर्षातून दोनदा जायला मिळायचं, तेही सासूचा मूड बघून. हिचं माहेर एका उंबऱ्यावर होतं आणि तो उंबरा कुणीतरी बुजवला होता. कुणीतरी म्हणजे माझ्याच नातीनं.

उम्म राशिद विहिरीपाशी गेली. पाठ विहिरीला लावली आणि पावलं मोजत चालली. सातव्या पावलाला तिचं नाक तन्वीच्या नव्या भिंतीला लागायचं राहिलं. ती थांबली आणि भिंतीवर दोनदा थाप मारली, दार वाजवतात तशी.

दोघं काका बघत होते. एक म्हणाला, असं दार होतं खरं, पण ते बायकांचं. म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं.

तन्वीचा चेहरा उतरला. तिनं उस्तादाला विचारलं, "पाया भरताना इथं काही दिसलं होतं?"

उस्तादानं भिंतीच्या पायाकडं बघितलं. मग म्हणाला, "एक लंबा पत्थर था बेटा, बीच में घिसा हुआ. मैंने सोचा कहीं से आया होगा. ड्रॉइंग में दीवार थी, तो दीवार बनाई."

त्यानं पायाशी हातभर गिलावा खरवडला. खाली लांब सपाट दगड निघाला, मधे बशीसारखा झिजलेला. दगड असा झिजायला पाय लागतात, आणि पुष्कळ वर्षं लागतात. हे मला कुणी शिकवायला नको.

सोमवार, रात्रीचं जेवण

स्वातीनं मटकीची उसळ केली होती, कुणाचं लक्ष नव्हतं. विजय म्हणाला, "आधी अप्रूव्हल घे. मग रिव्हिजन टाक. जगात सगळे असंच करतात. प्रॅक्टिकल हो."

"बाबा, इट्स राँग."

"राँग नाही, इन्कम्प्लीट आहे. बुधवारी भिंतीला भोक दाखवणार तू त्यांना? अकरा घरं आहेत, तन्वी."

"आय नो किती आहेत."

मग ती माझ्याकडं वळली. "आजी, तू काय केलं असतंस?"

मी तिला अण्णांचं सांगितलं. अण्णा माझे वडील. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा देऊळ दगड दगड सोडवून वरच्या माळावर हलवायचं काम त्यांच्याकडं होतं. प्रत्येक दगडावर चुन्यानं आकडा घातला होता. गाडीत घासून काही आकडे पुसले. ते दगड अण्णांनी अंदाजानं लावले. देऊळ उभं राहिलं, सगळे म्हणाले, वा, तसंच्या तसं. पहिल्या दिवशी बायका दिवा लावायला गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, दिव्याच्या कोनाड्यावरचा काजळीचा दगड बाहेर उन्हात आलाय. अण्णांनी जाऊन बघितलं. खरंच होतं. पण कलश चढला होता, जेवणावळी झाल्या होत्या. कोण पाडणार?

"मग?" तन्वीनं विचारलं.

"मग काही नाही. अण्णा मरेपर्यंत त्या देवळात त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसायचे. एवढं मला माहीत आहे. बाकी तुझं तू बघ."

विजयनं ताट बाजूला केलं. त्यानं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. मीच सांगितली नव्हती.

मंगळवार

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा उर्सुला आधीच उंबऱ्याच्या दगडापाशी गुडघ्यावर बसून ब्रशनं तो साफ करत होती. तन्वीनं तिच्याशी बरंच बोलणं केलं. नंतर मला म्हणाली, "ती म्हणते, रिपोर्टमध्ये लिहूनही चालेल. पाडायलाच हवं असं नाही. डिसिजन माझा."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तन्वी दोन वेळा अंगणात फिरली. मग उस्तादाकडून छिन्नी आणि हातोडी मागितली. उस्ताद म्हणाला, लड़का कर देगा. ती म्हणाली, नहीं, पहला मैं.

तिला हातोडी धरता येत नव्हती. दांडा फार वर पकडला होता. मी जाऊन तिची मूठ खाली सरकवली आणि मागं झाले. पहिले चार ठोके नुसते वाजले. पाचव्याला गिलाव्याची खपली निघाली. मग उस्ताद आणि दोघं बिगारी लागले. उर्सुलानं पडलेले दगड उचलून बाजूला रचायला घेतले, मी शेजारी बसून त्यांच्यावरचा माल ठोकून काढायला लागले. तीन ठोके आणि उलटी. संध्याकाळपर्यंत भिंतीत माणूस जाईल एवढी वाट झाली. वरचा भागही उतरवावा लागला, नाहीतर अंगावर आला असता. दोन महिन्यांचं काम एका दिवसात खाली आलं.

परत जाताना गाडीत तन्वी हाताची मूठ उघडझाप करत होती. तिच्या तळव्याला फोड आला होता. मी बघितला. चांगल्या जागी होता.

बुधवार

समितीत पाच माणसं. मुख्य साहेब उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा. घर बघत आले, छताखाली उभे राहिले, मान हलवली. मग अंगणात आले आणि तो भगदाडासारखा भाग त्यांना दिसला. कडेला दगड रचलेले, गिलाव्याच्या कडा दातेरी.

"व्हॉट इज धिस?" त्यांनी विचारलं.

तन्वी पुढं झाली. तिनं काय सांगितलं ते मी तिच्याकडून नंतर नीट विचारून घेतलं, कारण ते लिहिण्यासारखं आहे. ती म्हणाली, "ही माझी चूक आहे. इथं दार होतं, आणि स्वयंपाकघर दक्षिणेला होतं. मी या घराबद्दल चार जणांना विचारलं, चारही पुरुष होते. घर चालवणाऱ्यांना मी विचारलंच नाही."

साहेबांनी पुरावा विचारला. तिनं उंबरा दाखवला. एक जण म्हणाला, दगड कुठूनही येऊ शकतो. फोटो आहे? नाही. नकाशा? नाही. दाराची रुंदी एक वेळ या दगडावरून कळेल, उंची कशी ठरवणार? अंदाजानं?

विजय कामावरून खास आला होता. तो मागं उभा राहून बुटानं वाळू उकरत होता.

वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला सवय नाही, म्हणून इथंच सांगून टाकते. गल्ली तिला त्या दिवशी मिळाली नाही. साहेब म्हणाले, आधी हे घर पुरं करा. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी तिचा फोन आला, अर्धी गल्ली मिळाली. अर्धी का, तर बाकीची तोवर दुसऱ्यांना दिली होती. विजयनं ऑफिसात परत सगळ्यांना सांगितलं. या वेळी मला फोनवर मराठीत म्हणाला, "आई, आपल्या तन्वीनं भिंत पाडली म्हणून मिळालं." बावीस वर्षांत तो पहिल्यांदा भिंतीबद्दल आपणहून बोलला.

पण मला सांगायचंय ते बुधवारचंच.

सगळे असे उंचीवर अडून बसलेले असताना उम्म राशिद आली. राशिद तिला हाताला धरून आणत होता. अंगणात आल्यावर तिनं त्याचा हात सोडला. साहेबांना सलाम केला, तेही बाजूला झाले. ती विहिरीपाशी गेली नाही, पावलं मोजली नाहीत. सरळ त्या वाटेकडं चालायला लागली. आपण स्वयंपाकघरात जातो तशी, विचार न करता. पलीकडं तिच्या बापाचं घर, म्हणजे नुसती पडकी जोती आणि वाळू.

उंबऱ्याच्या दगडावर तिनं पाय ठेवला, बरोबर त्या झिजलेल्या बशीत. आणि मान खाली घालून वाकली.

वर काहीच नव्हतं. ना चौकट, ना पट्टी. वर मोकळं आकाश होतं. तरी ती वाकली, पलीकडं गेली आणि सरळ झाली.

साहेबांनी चष्मा काढला.

ती परत येताना पुन्हा वाकली, तेवढीच. या वेळी तन्वी तयार होती. तिनं टेप काढला, उंबऱ्यापासून वर धरला, आणि म्हातारीच्या वाकलेल्या डोक्यावर दोन बोटं जागा सोडून थांबली.

"उस्ताद," ती म्हणाली, "इथं."

उस्तादानं खिशातून कोळसा काढला आणि दातेरी कडेवर आडवी रेघ मारली.